निजल्या निजल्या सायकल

मौजे वलगाव, जि. अमरावती

राजमान्य राजश्री नत्थुजी इवाई यांच्या सेवेशी, मुक्काम बाळापूर.

वलगावहून खुशालरावचा रामराम. विहीणबाई माणिकबाईंना नमस्कार, जावईबापू स्वप्निलरावांना आशीर्वाद, आणि बाकीच्या लहानथोरांना वयाप्रमाणे जे जे द्यायचं असेल ते माझ्या वतीनं तुम्हीच वाटून द्या. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. माणिकबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल थांबला तर ज्येष्ठमध दाढेखाली धरायला सांगा, पण मी सांगितलं असं सांगू नका, त्या ऐकणार नाहीत. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात घालावंच लागतं म्हणून घातलं आहे. खरं काय ते खाली येईल.)

फोन असताना हा माणूस पत्र काहून लिहून राहिला, असं तुमच्या मनात आलं असेल. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे, आणि तुम्हाला जरा कमी ऐकू येतं म्हणून आमची रागिणी शेजारी बसून प्रत्येक वाक्य तुम्हाला पुन्हा मोठ्यानं सांगते. ती माझी लेक असली तरी आता तुमची सून आहे आणि तिला यातलं काही कळायला नको. बापाच्या काळजीनं ती पहिल्या गाडीनं वलगावला येईल आणि मला पथ्यावर बसवेल. तेव्हा पत्र वाचा आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. पत्र शुद्ध लिहायचं ठरवलं आहे. मध्येच वऱ्हाडी घुसली, व्याह्याचा इवाई झाला, तर तिला बसू द्या, आपलीच आहे.

तर झालं असं की आमच्या पोराच्या, नितेशच्या कृषी केंद्राचं गोदाम वरच्या मजल्यावर आहे, आणि अलीकडे तो जिना मला उंच वाटायला लागला होता. मी गवंड्याला दोष देत होतो. पण आमच्या घरधनिणीनं, सुभद्रेनं, पाहिलं की मी वर गेल्यावर पोत्यावर बसतो आणि कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवतो. तिनं मला अमरावतीला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आहे, काटक, हाताला पावलं मोजणारं घड्याळ, आणि खुर्चीच्या मागं जिथं बाकीचे डॉक्टर देवाचा फोटो लावतात तिथं त्यानं धावण्याच्या शर्यतीतली पदकं लटकवली आहेत. सुभद्रा बाहेर बसली होती, नितेश गाडी लावायला गेला होता, आणि मी एकटाच आत होतो, हे लक्षात ठेवा, कारण साक्षीदार असता तर पुढचं घडलं नसतं. डॉक्टरनं छातीला थंडगार चिकट काहीतरी फासलं, त्यावरून यंत्र फिरवलं, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमचं हृदय मोठं आहे." मी नम्रपणे मान खाली घातली. इतक्या वर्षांत गावात कोणी तोंडावर असं बोललं नव्हतं. मग त्यानं खुलासा केला की तो आकाराबद्दल बोलून राहिला. म्हणे, जे लोक नेहमी लांब पल्ल्याचं धावतात त्यांचं हृदय असं मोठं होतं आणि त्यात काळजीचं काही नसतं. पण न धावणाऱ्याचं मोठं झालं असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. आणि त्यानं विचारलं, "तुम्ही धावता काय?"

इवाई, तुम्ही मला ओळखता. आमच्या थोरल्या भावाच्या वेळेस डॉक्टरनं हेच दोन शब्द वापरले होते, वेगळा विचार, आणि त्या दिवाळीला भाऊ घरात नव्हते. ते शब्द ऐकले आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, धावतो. डॉक्टरचा चेहरा असा उजळला की मला परत फिरता येईना. कुठपर्यंत धावता? म्हटलं, वलगावहून अमरावतीपर्यंत. जाऊन-येऊन? (आता कोणी सांगा, अमरावतीपर्यंत धावत गेलेला माणूस तिथंच थोडी राहणार आहे.) म्हटलं, जाऊन-येऊन. तो खुर्चीतून उठला आणि माझा हात हातात घेऊन हलवत राहिला. या वयात, या पोटावर, असं काहीतरी तो म्हणाला. कौतुकानंच म्हणाला.

मी समजलो की सुटलो. पण तो म्हणाला, खात्री करून घेऊ. बसलेल्या माणसाचं हृदय तर सगळेच पाहतात, मला ते मेहनत करताना पाहायचं आहे. अकोल्याला एका सेंटरात त्यानं नवीन सोय केली आहे, दर गुरुवारी तो तिथं जातो. एमआरआयच्या बोगद्यात उताणं निजायचं आणि निजल्या निजल्या पायानं सायकल चालवायची. वरून यंत्र हृदयाची चालती चित्रं काढतं. धावणाऱ्याचं मोठं हृदय असेल तर मेहनत पडली की ते आणखी जोरानं रक्त फेकतं, आणि आजारी असेल तर दमतं. पुढच्याच गुरुवारी या म्हणाला. मला दरवाज्यापर्यंत सोडायला आला आणि बाहेर बसलेल्या सुभद्रेला म्हणाला, काकू, काकांकडून शिकण्यासारखं आहे. परतताना वलगावचा पूल ओलांडल्यावर सुभद्रेनं गाडीच्या खिडकीबाहेर पाहत विचारलं, "रोज कधी जाता?" म्हटलं, कुठं? "धावायले," ती म्हणाली.

आता मला दोनच रस्ते होते. डॉक्टरला खरं सांगणं, किंवा गुरुवारच्या आत धावणारा होणं. दुसरा सोपा वाटला. नितेशनं स्वतःसाठी आणलेले पोपटी रंगाचे बूट मला दिले (ते अंधारात चमकतात, का चमकतात ते त्यालाही माहीत नाही) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या संत्र्याच्या बगीच्याच्या बाजूनं गावाकडे धावत निघालो. धावत म्हणजे, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर नाहीत असं काही वेळा झालं. आता आमच्या गावात माझ्या वयाचा, माझ्या शब्दाला वजन असलेला माणूस धावताना कोणी पाहिला नव्हता. समोरून पुंजाजी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होता. त्यानं विचारलं, खुशालराव, काय झालं? माझ्यात बोलायला दम नव्हता, म्हणून मी मागं हात केला, म्हणजे बापा, तू आपला तिकडे जा, मला थांबवू नको. पुंजाजीनं माझा हात पाहिला, हाताच्या दिशेनं बगीच्याकडे पाहिलं, भारा टाकला आणि माझ्या मागं पळत सुटला. तो माझ्यापेक्षा चांगला पळतो. लवकरच तो पुढं आणि मी मागं झालो, आणि आमच्यामागं आणखी मंडळी. शाळेजवळ पोहोचलो तेव्हा गावात बिबट आला होता.

मी लगेच खुलासा केला. दम परत आल्याबरोबर सांगितलं की बाबांनो, बिबट नाही, मी व्यायाम करून राहिलो होतो. कोणाचा विश्वास बसला नाही. खुशालराव व्यायाम करून राहिले यापेक्षा मेळघाटातला बिबट संत्र्याच्या बगीच्यात येऊन बसला हे लोकांना जास्त पटलं. आणि तोवर पुंजाजीनं त्याची शेपटी पाहिली होती. वनविभागाची गाडी आली. त्यांनी माझ्याच बगीच्यात पिंजरा लावला, आत शेजारच्या पार्बताबाईची बकरी बांधली आणि मला विचारलं की जनावर केवढं होतं. मी म्हटलं, होतंच नाही. साहेबानं लिहून घेतलं की प्रत्यक्षदर्शी घाबरलेला आहे. तेव्हापासून संत्री तोडायला माणूस मिळेना. बकरी तेवढी सुखात होती, तिनं तोंडाशी आलेल्या दोन फांद्या साफ केल्या. शेवटी पिंजऱ्यात पुंजाजीचा कुत्रा सापडला. पुंजाजी म्हणतो बिबटानंच त्याला आत ढकललं.

बाहेर धावणं असं बंद झालं, म्हणून मी घरातल्या घरात सराव सुरू केला. सायकल निजून चालवायची आहे तर निजूनच शिकावी. ओसरीत खाटेवर उताणा पडलो आणि पाय वर करून हवेत चालवायला लागलो. डोळे मिटून घेतले होते, कारण आढ्याकडे पाहिलं की घेरी यायची. त्याच वेळी पार्बताबाई बकरीचा जाब विचारायला आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि मला झटका आला असं समजून आमच्याच टोपलीतला कांदा फोडून माझ्या नाकावर दाबला. कांदा नाकावर असताना माणूस आणखी हातपाय झाडतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांनी आणखी जोरानं दाबला. सुभद्रा स्वयंपाकघरातून आली, तिनं पाहिलं, आणि पार्बताबाईंना म्हणाली, "राहू द्या बाई, थे अमरावतीले जाऊन राहिले." आणि परत आत गेली.

गुरुवारी नितेशच्या गाडीनं आम्ही अकोल्याला निघालो. तपासणीआधी चहा घ्यायचा नव्हता. मूर्तिजापूरला गाडी थांबवून सुभद्रेनं आणि नितेशनं माझ्यासमोर चहा घेतला, आणि सुभद्रेनं तो आलं घातलेला आहे असं मला सांगितलंही. (सांगायची गरज नव्हती, वास येत होता.) तुमचं बाळापूर अकोल्याहून पुढं किती जवळ, पण तपासणीच्या दिवशी इवायाच्या दारी जाणं बरं दिसत नाही म्हणून आलो नाही. गैरसमज नसावा.

सेंटरात पिंकी नावाची एक मुलगी यंत्रावर होती, अकोल्याचीच, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, काका, अंगावर लोखंड असेल ते काढून ठेवा, आतलं चुंबक ओढून घेते. मी अंगठी काढली, करदोडा काढला, चष्मा काढला. ती म्हणाली, अजून? कोपरीच्या खिशातून अडकित्ता निघाला, मोटारपंपाच्या खोलीची किल्ली निघाली, आणि एक नटबोल्ट निघाला जो मी पोळ्यापासून शोधत होतो. तारेची कवळी काढली तेव्हा पिंकी म्हणाली, काका, आता तुमीच राहिले. मग तिनं सुती झगा दिला, छातीवर चकत्या चिकटवल्या, वर एक जड जाळी ठेवली, कानावर बोलायचं यंत्र लावलं, पाय पायडलला पट्ट्यांनी बांधले आणि हातात रबरी फुगा दिला. तो कशासाठी ते तिनं सांगितलं, पण तोवर कान झाकलेले होते. मी समजलो हाताचाही व्यायाम घेतात. म्हणून आत गेल्यापासून मी तो इमानदारीनं दाबत राहिलो, आणि बाहेर भोंगा वाजत राहिला, कारण तो फुगा जीव घाबरला तरच दाबायचा होता. तीनदा त्यांनी मला बाहेर ओढलं आणि तीनदा मी म्हटलं की मला काही झालेलं नाही, तुम्ही काहून थांबले. चौथ्या वेळेस पिंकीनं फुगा माझ्या पोटावर ठेवला आणि हात बाजूला केला.

बोगद्यात मळणीच्या थ्रेशरसारखा आवाज येतो, तोही बेअरिंग गेलेल्या थ्रेशरसारखा. नाकापासून वीतभर अंतरावर छत. मग कानात डॉक्टरचा आवाज आला, काका, सुरू करा. मी पाय रेटला. पायडल हललं नाही. दुसरा रेटला, तेही नाही. बैलगाडी काळ्या चिखलात रुतावी तसं गच्च. मी ओरडून सांगितलं, बाई, हे जाम झालं, तेल सोडा. कानात पिंकी म्हणाली, "जाम नाही काका, तुमच्या लेवलचं लावलं हाय. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, रोज अमरावती जाऊन-येऊन करणारे आहेत म्हणून."

इवाई, त्या क्षणी मी उताणा, पाय बांधलेले, तोंडात दात नाहीत, आणि माझं खोटं माझ्याच पायाला अडकलेलं. जोर करून पाहिला. पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढं सेमाडोहचं जंगल दिसलं. बाहेर डॉक्टरनं मला दाखवायला शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आणला होता, तो काचेपलीकडून पाहत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की हे असं चाललं तर यंत्र सांगेल की हृदय दमलं, आणि मग तो वेगळा विचार सुरू होईल. म्हणून मी बोललो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी धावत नाही. मी वलगावहून अमरावतीला जातो, पण मोटरसायकलवर. त्याही मागं बसून, नितेश चालवतो. मी भ्यालो होतो म्हणून खोटं बोललो. थ्रेशर बंद झालं. माझ्या बोलण्याचा आवाज तिकडे खोलीभर ऐकू जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाला, बरं झालं सांगितलं काका. आवाजात राग नव्हता, पण पदकांच्या भिंतीवरून एखादं खाली पडावं तसा तो जरा उतरला होता. त्यानं पायडल हलकं करायला सांगितलं आणि मी चालवायला लागलो. जरा जमलं की पिंकी म्हणायची, आता थोडा चढ आला समजा. मग आणखी चढ. मी चिखलदऱ्याचा घाट डोळ्यांपुढं आणला आणि रेटत राहिलो. पण खरं सांगतो, तुम्हालाच सांगतो, त्या चढावर मला थोरले भाऊ आठवले आणि पाय आपोआप ढिले पडले. पिंकी म्हणाली, काका, थांबू नका. मी थांबलोच होतो. तेवढ्यात कानात सुभद्रेचा आवाज आला. तिच्या हाती ते बोलायचं यंत्र कोणी दिलं माहीत नाही, दिलं नसेल तर तिनं घेतलं असेल. ती म्हणाली, "अवो, मले दिसून राहिलं तुमचं हृदय इथं पडद्यावर. चांगलं हालून राहिलं. तुमी पाय चालवा." मी पाय चालवले. शेवटपर्यंत चालवले.

निकाल असा की हृदय थोडं मोठं आहे खरं, आणि बसल्या जागी जरा सुस्तच चालतं, पण मेहनत पडली की जोरानं काम करतं. दम आहे त्यात, डॉक्टर म्हणाला. मोठं कशानं झालं, तर रक्तदाबानं, ज्याची गोळी मी वर्षभर उशीखाली ठेवत होतो. स्नायूचा आजार नाही, वेगळा विचार नाही. गोळी घ्यायची, मीठ कमी करायचं आणि रोज चालायचं. सुभद्रेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एरवी सुस्त, अन् कोणी मागं लागलं की काम करते, म्हणजे मालकावरच गेलं. शिकाऊ डॉक्टर हसले. मीही हसलो असतो, पण कवळी अजून पिंकीकडे होती.

परतताना मूर्तिजापूरला मी चहा घेतला. आलं घातलेला.

असो. पत्र लांबलं. तुमच्या प्रकृतीला जपावं. माणिकबाईंना ज्येष्ठमध.

आपला नम्र इवाई,
खुशालराव

ता. क. एक लहानशी गोष्ट राहून गेली. पहिल्या दिवशी डॉक्टरनं विचारलं होतं की एकटेच धावता काय, तेव्हा मी म्हटलं होतं, नाही, आमचे बाळापूरचे इवाई येतात ना अधूनमधून, ते तर माझ्याही पुढं असतात. बोगद्यात मी माझ्यापुरतं खरं सांगितलं. तुमच्याबद्दलचं राहिलं. एका दिवशी दोन गोष्टी कबूल करणं या वयात झेपत नाही. आता डॉक्टरला तुमचं हृदय पाहायचं आहे. म्हणतो, खऱ्या धावणाऱ्याचं माझ्या हृदयाशेजारी ठेवून पाहायचं. तेव्हा तुम्ही पंधरा दिवस आधी वलगावला येऊन राहा, आपण दोघं मिळून रोज सकाळी थोडी तयारी करू. धावायचं नाही, नुसतं चालायचं. बूट मी देतो.

ता. क. २. गुडघ्याचं कारण सांगू नका. सायकल निजून आहे.

(याखालचं अक्षर माझं नसेल. पत्र टाकायला सुभद्रा नेणार आहे आणि खाली जागा सोडा म्हणते, काय लिहिणार ते मला सांगत नाही.)

इवाई, सुभद्राचा नमस्कार. वरचं मी वाचलं. बिबटाचं अन् कांद्याचं खरं हाय. पण डॉक्टरनं तुमाले बोलावलं नाही. तुमचं नाव त्यानं कधी काढलंच नाही, अकोल्याले मी बाजूलेच बसली होती. झालं असं का डॉक्टरनं रोज चालायले सांगितलं, सोबत कोणी घ्या म्हणे, एकटे जाऊ नका. तवापासून हे रोज बूट घालून ओसरीत बसते अन् बूट काढून आत येते. एकट्यानं जायले भेते. तुमाले सरळ या म्हणायले जमत नाही, म्हणून डॉक्टरचं नाव पुढं केलं. मी म्हटलं मी येतो सोबत, तं आमी दोघं एक दिवस गेलो, अन् दुसऱ्या दिवशी नाही म्हणे, तू पुढं निघून जाते. रागिणीले म्या सगळं आधीच फोनवर सांगितलं हाय, तिची काळजी करू नका, थे तुमची बॅग भरून देईन. तुमी या. फक्त एक करजा, इवाई. यांच्यासोबत जरा हळू चालजा.